मेडिकल फिजिसिस्ट व्हायचंय? मुंबईतलं प्रशिक्षण, इमेजिंग आणि रेडिएशन सेफ्टी

क्षितिजा

एमएस्सीचे निकाल जवळ आले की दरवर्षी व्यनि (खासगी निरोप) यायला लागतात. मेडिकल फिजिक्स कसं आहे, बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) डिप्लोमा मिळाला तर घेऊ का, नोकरी लागते का. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मी मुंबईतच शिकले आणि इथेच काम करते, रेडिओथेरपी आणि इमेजिंग दोन्हीकडे. त्यामुळे जे लिहिणार आहे ते इथलं, डोळ्यांसमोरचं आहे.

आधी काम काय ते. हॉस्पिटलात किरणोत्सर्ग तीन ठिकाणी वापरतात. रेडिओथेरपीत कॅन्सरच्या गाठीवर मारा करायला, न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये पेशंटच्या शरीरात औषधासारखा सोडायला, आणि एक्सरे, सीटी, कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात ती खोली) चित्र काढायला, म्हणजे इमेजिंगला. पेशंटला नेमका किती डोस गेला, मशीन दाखवतंय तेवढाच जातोय का, भिंतीपलीकडे किती येतोय आणि आत काम करणाऱ्यांना किती लागतोय, ही जबाबदारी मेडिकल फिजिसिस्टची. उपचार डॉक्टर ठरवतात, मशीन टेक्नॉलॉजिस्ट चालवतात, आणि आकड्याखाली सही आमची असते.

मुंबई या विषयाचं घरच आहे. टाटा मेमोरियल हे कॅन्सर हॉस्पिटल १९४१ सालचं. बीएआरसीचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळला आहे, देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन (किरणोत्सर्गी औषधांसाठीचं यंत्र) तिथेच २००२ मध्ये सुरू झाला. नियम करणारी आणि परवाने देणारी एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, १९८३ मध्ये स्थापन झाली, तिचं नियामक भवन अणुशक्तीनगरात. आणि ज्या डिप्लोमाबद्दल सगळे विचारतात तो डिप आरपी, डिप्लोमा इन रेडिओलॉजिकल फिजिक्स, बीएआरसी १९६२ पासून शिकवतेय. आता तो होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटशी संलग्न आहे.

डिप आरपीला एमएस्सी फिजिक्स लागतं, किमान ६० टक्के. प्रवेश परीक्षा असते, जागा थोड्या. अभ्यासक्रम एक वर्षाचा, पूर्णवेळ. दुसरा रस्ता म्हणजे एखाद्या विद्यापीठातून थेट एमएस्सी मेडिकल फिजिक्स. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या डी. वाय. पाटीलमध्ये आहे, बाहेर चेन्नईला अण्णा विद्यापीठात आहे. तिथे प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रम एईआरबीच्या मान्य यादीत आहे का हे एईआरबीच्याच संकेतस्थळावर पाहा, कॉलेजच्या माहितीपत्रकात नको. दोन्हीकडून बाहेर पडल्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते, चांगली साधनसामग्री असलेल्या रेडिओथेरपी विभागात. मग आरएसओची, म्हणजे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरची परीक्षा.

आता जे माहितीपत्रकात वाचायला मिळत नाही ते. सगळे रस्ते रेडिओथेरपीतून जातात. तुम्हाला सीटीचा डोस कमी कसा करावा यातच रस असला तरी इंटर्नशिप लिनॅकवरच (रेडिओथेरपीच्या मशीनवरच) होणार आणि पहिली नोकरीही बहुधा तिथेच. रेडिओथेरपी विभाग फिजिसिस्टशिवाय चालवता येत नाही. सीटी आणि एक्सरे विभागाचा आरएसओ मात्र रेडिओलॉजिस्ट किंवा टेक्नॉलॉजिस्टही असू शकतो, आणि मशीनची तपासणी दोन वर्षांतून एकदा एईआरबीमान्य एजन्सी येऊन करून जाते. म्हणून फक्त इमेजिंगसाठी फिजिसिस्ट ठेवणारी हॉस्पिटलं आपल्याकडे विरळा.

आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गरज तिथेच आहे. फिल्मचा जमाना होता तेव्हा एक्सपोझर जास्त झालं की फिल्म काळी पडायची, चूक सगळ्यांना दिसायची. डिजिटलमध्ये उलटं होतं. डोस वाढवला की चित्रातली खरखर कमी होते, फोटो स्वच्छ येतो आणि रेडिओलॉजिस्ट खूश होतात. तक्रार येते ती डोस कमी पडला तरच. मग हळूहळू, कोणाच्याही मनात नसताना, विभागातले आकडे वर सरकत जातात. कोणी मोजायला बसलं नाही तर वर्षानुवर्षं कळत नाही. रेडिओथेरपीत चूक झाली तर त्वचेवर, आतड्यावर, कुठेतरी ती समोर येते. इथे पेशंट हसत घरी जातो. म्हणून नवीन मुलांनी इमेजिंगकडे यावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देते.

निनाद_दादर

ताई, वाखु (वाचनखूण) साठवली. मी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन शंका. परीक्षेला नेमकं काय विचारतात? आणि बायोलॉजी दहावीनंतर हातात घेतलेली नाही, त्याने अडेल का?

क्षितिजा

निनाद, प्रवेश परीक्षा फिजिक्सची आहे, बायोलॉजीची नाही. एमएस्सीच्या पायाभूत विषयांवर भर दे. क्वांटम, न्यूक्लिअर, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, इलेक्ट्रॉनिक्स, गणिती पद्धती. न्यूक्लिअर कधीच ऑप्शनला टाकू नकोस. फोटोइलेक्ट्रिक परिणाम अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या पटीत वाढतो आणि ऊर्जा वाढली की झपाट्याने कमी होतो, हे एक वाक्य नीट कळलं तर मॅमोग्राफी (स्तनांचा एक्सरे) कमी केव्हीवर (किलोव्होल्टवर) का करतात, आयोडीनचं कॉन्ट्रास्ट औषध चित्रात का दिसतं आणि ॲप्रन शिशाचाच का, तिन्ही उत्तरं त्यातच आहेत.

शरीररचना, रेडिएशन बायोलॉजी हे डिप्लोमात शिकवतात. फिजिक्सच्या मुलांना पहिले काही आठवडे जड जातं, मग सवय होते. सीटीचे छेद रोज बघायला लागलास की यकृत कुठे, प्लीहा कुठे हे पुस्तकापेक्षा लवकर पाठ होतं. स्टॅटिस्टिक्स मात्र आत्ताच पक्कं कर, आणि थोडं पायथॉन. डोसचे हजारो रेकॉर्ड हाताने चाळता येत नाहीत.

तुर्भे_टेकडी

धागा वाचून फार बरं वाटलं. मी निवृत्त आहे, हयात या क्षेत्रात गेली. थोडं जुनं सांगतो, नवीन मुलांना उपयोगी पडेल.

आमच्या वेळी रेडिओथेरपीला कोबाल्टची मशीन होती. कोबाल्ट ६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे डोसचा दर महिन्याला साधारण १ टक्का घटतो. म्हणून दर महिन्याला तक्ता बदलायचा आणि पेशंटची उपचाराची वेळ किंचित वाढवायची. सोर्स (मशीनमधला किरणोत्सर्गी तुकडा) जुना झाला की एकेक पेशंट जास्त वेळ टेबलावर झोपून राही आणि बाहेरची रांग लांबत जाई. फिजिक्समधल्या एका घातांकी सूत्राचा रांगेतल्या माणसांवर काय परिणाम होतो ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. गाठीत टोचायच्या रेडियमच्या सुया हाताळायच्या तेव्हा काम संपल्यावर प्रत्येक सुई मोजून परत तिजोरीत जाईपर्यंत कोणी घरी जात नसे. चादरी धुवायला पाठवायच्या आधीही मीटर फिरवून बघायचो.

ही मोजून परत घेण्याची शिस्त आजच्या मुलांनी सोडू नये. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्टचा सोर्स सापडला, एक माणूस दगावला. ते यंत्र एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वापराविना पडून होतं, तिथून लिलावात गेलं होतं. मशीन बंद पडलं तरी सोर्स बंद पडत नसतो. सेफ्टी ऑफिसरने आपल्या ताब्यातला प्रत्येक सोर्स, अगदी कॅलिब्रेशनचा छोटासाही, नोंदवहीत जिवंत ठेवला पाहिजे.

क्षितिजा

काका, लिहीत राहा. रेडियमच्या सुया आता कोणी वापरत नाही, पण नोंदवहीचा मुद्दा आजही तसाच्या तसा लागू आहे. माझ्या इंटर्न्सना हा प्रतिसाद दाखवणार आहे.

डार्करूम

मी एक्सरे टेक्निशियन, डोंबिवलीला. धागा चांगला आहे, पण एक स्पष्ट बोलतो. आमच्याकडे फिजिसिस्ट कधी येतो? मशीनचा परवाना संपत आला की. चार तास थांबतो, शिक्का मारतो आणि जातो. वर्षभर एक्सपोझर आम्ही देतो. आधीच्या सेंटरमध्ये आठ जणांचे डोस मोजणारे बॅज होते, पण ते मालकाच्या ड्रॉवरमध्ये. तिमाही संपली की पाठवायचे, शून्य रिपोर्ट यायचा, सगळे खूश. बॅज मागितला तर म्हणाले, हरवलास तर पैसे कापू. त्या बॅजचं नक्की करायचं काय हे मला आजपर्यंत कोणी धड सांगितलेलं नाही.

क्षितिजा

तुमचा राग रास्त आहे. तपासणी दोन वर्षांतून एकदा होते, पण मशीन रोज चालतं. मधल्या काळात मोजणारं कोणी नसतं, ही उणीव खरीच आहे.

बॅजबद्दल सविस्तर लिहिते, कारण हे तुमच्या हक्काचं आहे.

हा टीएलडी बॅज (अंगावर आलेला डोस मोजणारा) उघडून पाहिलात तर आत एक छोटं धातूचं कार्ड असतं, त्यावर तीन गोल चकत्या. त्या टेफ्लॉनमध्ये मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या, डिस्प्रोसियमचा अंश घातलेल्या. हे कार्ड बीएआरसीनेच विकसित केलं आहे. एका चकतीवर धातूची गाळणी, दुसरीवर प्लास्टिकची, तिसरी उघडी. किरण पडले की चकतीत ऊर्जा साठून राहते. लॅबमध्ये कार्ड तापवलं की ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते, आणि प्रकाश किती यावरून डोस किती ते काढतात. तिन्ही चकत्यांच्या आकड्यांतला फरक पाहून किरण एक्सरेचे होते, गॅमा होते की बीटा, याचाही अंदाज येतो. म्हणजे हा फुकाचा बिल्ला नाही, तुमच्या अंगावर आलेल्या डोसचा पुरावा आहे.

तो छातीवर लावायचा आणि ॲप्रन घातला असेल तर ॲप्रनच्या आत. ड्युटी संपली की एक्सरे रूमबाहेर, कंट्रोल बॅज (कोणीही न लावता तुलनेसाठी ठेवलेला) जिथे ठेवतात तिथेच ठेवायचा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो ॲप्रनला लावलेला बॅज तसाच खोलीत खुंटीवर राहिला की. माणूस घरी, बॅज खोलीत एक्सपोझर खातोय. मग तिमाहीच्या रिपोर्टमध्ये मोठा आकडा येतो आणि चौकशी होते. ड्रॉवरमधला बॅज याच्या नेमका उलटा. त्याचं शून्य तुमचं नव्हेच, ते ड्रॉवरचं शून्य आहे. पुढे कधी आजारपणाचा, भरपाईचा प्रश्न आला तर तुमच्या नावावर डोसच नोंदलेला नसेल.

मर्यादा लक्षात ठेवा. काम करणाऱ्यांसाठी सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (डोसचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बाहेरच्या माणसाला वर्षाला १. आपला डोस-रिपोर्ट मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि बॅज पुरवणं ही मालकाची जबाबदारी आहे. नवीन सेंटरमध्ये काय स्थिती आहे?

डार्करूम

नवीन ठिकाणी बॅज अंगावर आहे. ॲप्रनच्या आत लावायचा हे आज कळलं, मी बाहेर लावत होतो. धन्यवाद मॅडम. उद्या बाकीच्यांनाही सांगतो.

रेडिओलॉजीवाली

मी रेडिओलॉजिस्ट आहे. क्षितिजांच्या डिजिटलवाल्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, पण एक बाजू आमचीही. खरखरीत सीटीवर रिपोर्ट देताना काही सुटलं तर कोर्टात उभं राहायचं ते आम्हाला. मग मन आपोआप स्वच्छ चित्राकडे झुकतं. डोस कमी करा असं सांगणारा फिजिसिस्ट माझ्याशेजारी बसून स्कॅन बघत नाही तोवर मला त्याचं म्हणणं पटत नाही.

माझा अनुभव असा की मोठा फायदा मशीनच्या सेटिंगपेक्षा मागणीच्या चिठ्ठीवर होतो. मुतखड्याच्या पेशंटला साध्या लो डोस स्कॅनने भागत असताना चिठ्ठीवर पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी लिहून येतो. पोटाच्या एका फेजचा (कॉन्ट्रास्टच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर स्कॅन करतात, त्यातल्या एकाचा) डीएलपी, म्हणजे स्कॅनच्या पूर्ण लांबीचा मशीनवरचा डोसचा आकडा, ५०० धरला तर ढोबळमानाने त्याला ०.०१५ ने गुणायचं, म्हणजे ७.५ मिलिसीव्हर्ट. तीन फेज केल्या की झाले २२ च्या वर. छातीचा साधा एक्सरे ०.०२ चा असतो. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना एक फोन केला की दोन फेज वाचतात.

क्षितिजा

तुमचा शेजारी बसण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. निनाद, हे नीट वाच. इमेजिंग फिजिसिस्टचं अर्धं काम रिपोर्टिंग रूममध्ये असतं. रेडिओलॉजिस्टला कुठली खरखर चालते, कुठली नाही, हे ऐकल्याशिवाय प्रोटोकॉलला हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चित्रं त्यांना दाखवायची, मग पुढची.

वैदेहीची_आई

नमस्कार. माझ्या मुलीला हे करायचं आहे. घरात सगळ्यांचा विरोध आहे. सासूबाई म्हणतात, रेडिएशनमध्ये काम केलं की पुढे मूल होत नाही, लग्न ठरायलाही अडचण येईल. मी स्वतः शिक्षिका आहे, पण मलाही भीती वाटते हे खरं. कृपया एखाद्या बाईनेच उत्तर द्यावं.

क्षितिजा

वहिनी, मी बाई आहे, याच कामात आहे आणि मला दोन मुलं आहेत. दोघांच्या वेळी कामावर होते.

रेडिओथेरपीत मशीन सुरू असताना आम्ही आत नसतोच. जाड काँक्रीटच्या भिंतींबाहेर, कन्सोलवर असतो. बहुतेक तिमाहींत आमच्या बॅजवर शून्य किंवा त्याच्या जवळपासचा आकडा येतो. आपण सगळेच निसर्गातून, जमिनीतून, अवकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट घेत असतो, ते कोणाला चुकत नाही. वंध्यत्व येण्याइतका डोस यापेक्षा कितीतरी पटींनी, शेकड्या-हजारांत मोजण्याइतका मोठा असतो. तेवढा कामाच्या ठिकाणी येत नाही, येऊ दिला जात नाही.

गरोदर राहिल्यावर लगेच वरिष्ठांना लेखी कळवायचं. त्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त जाऊ नये असा नियम आहे. म्हणून कामाची वाटणी बदलतात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये औषध हाताळणं, कॅथलॅबमध्ये आत उभं राहणं बंद, प्लॅनिंग आणि कागदपत्रं सुरू. नोकरी जात नाही. माझ्या बरोबरीच्या कितीतरी मुली या क्षेत्रात आहेत. सासूबाईंना माझा नंबर द्या, मी बोलेन त्यांच्याशी. व्यनि करते.

गिरगावकर

थोडा वेगळा प्रश्न, चालेल ना? आमच्या सोसायटीत तळमजल्यावर दोन गाळे एकत्र करून डायग्नोस्टिक सेंटर येतंय. एक्सरे आहे, पुढे सीटीही आणणार म्हणतात. बरोबर वरच्या मजल्यावर ऐंशी वर्षांच्या आजी राहतात. सभेत नुसती भांडणं झाली. कोणी म्हणतं भिंती किरणोत्सर्गी होतात, कोणी म्हणतं काही होत नाही. मी सेक्रेटरी, मला काहीतरी ठोस हवंय.

क्षितिजा

चालेल कसलं, हा याच धाग्याचा प्रश्न आहे.

पहिलं, भिंती किरणोत्सर्गी होत नाहीत. एक्सरे ट्यूबला वीज असेल तेवढ्यापुरतेच किरण असतात. बटण सोडलं की खोलीत काही उरत नाही, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसंच. एका एक्सपोझरला सेकंदाचा छोटासा भाग लागतो.

दुसरं, म्हणून आडोसा नको असं नाही. मुख्य झोत ज्या भिंतीवर पडतो, उदाहरणार्थ छातीच्या एक्सरेचा स्टँड जिथे आहे, तिथे एईआरबीच्या संहितेप्रमाणे ३५ सेंटिमीटर विटेची भिंत किंवा तिच्या तोडीचं शिसं लागतं. फक्त विखुरलेले किरण पोचतात तिथे २३ सेंटिमीटर. आपल्याकडे जुन्या इमारतींत नेमकी इथेच गोची होते. दोन गाळे जोडताना मधली भिंत पाडतात आणि नवीन पार्टिशन चार इंची विटेचं किंवा प्लायचं घालतात. तिथे शिशाचा पत्रा लावल्याशिवाय चालणार नाही. दाराला, कंट्रोल पॅनेलच्या काचेलाही शिसं लागतं. वरच्या आजींसाठी स्लॅब बघायचा. एक्सरेचा झोत बहुतेक वेळा खाली किंवा बाजूला असतो, त्यामुळे वर जातं ते विखुरलेलं. पण सीटी आणायचा असेल तर हिशोब नव्याने करावा लागेल, कारण सीटीत विखुरलेले किरण सगळीकडे जातात आणि एका पेशंटमागे ट्यूब कितीतरी जास्त वेळ चालू राहते.

हिशोब करताना आठवड्याला किती काम, झोत त्या दिशेला किती वेळ आणि पलीकडे माणूस किती वेळ असतो, या तीन गोष्टी धरतात. जिन्याला आणि आजींच्या झोपायच्या खोलीला सारखा नियम लागत नाही. आजी दिवसभर तिथेच असतात, म्हणजे पूर्ण वेळ धरायचा.

तुम्ही सेंटरकडे तीन कागद मागा. एईआरबीचा परवाना, लेआउट (खोलीचा आराखडा) आणि मशीन बसल्यावर केलेल्या रेडिएशन सर्व्हेचा अहवाल. सर्व्हे म्हणजे पेशंटच्या जागी पाण्याचा फँटम ठेवून एक्सपोझर देतात आणि मीटर घेऊन भिंतीबाहेर, दाराच्या फटीशी, वरच्या मजल्यावर मोजतात. वरच्या घरातलं माप अहवालात नसेल तर ते घ्यायला लावा आणि त्या वेळी आजींच्या घरचं कोणीतरी हजर ठेवा. सभेत शंभर वाक्यं बोलण्यापेक्षा मीटरचा काटा त्यांच्या देखत पाहिलेला बरा.

गिरगावकर

हे प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावतोय. लेआउट मागितला तर सेंटरवाले म्हणाले, काम झाल्यावर देऊ.

तुर्भे_टेकडी

लेआउट बांधकामाच्या आधीचा कागद आहे, नंतरचा नव्हे. सेक्रेटरी म्हणून लेखी पत्र द्या, पोच घ्या. ते अर्ज एईआरबीच्या ई-लोरा प्रणालीतून ऑनलाइन करतात. आत्ता एक शिशाचा पत्रा घालणं सोपं आहे, टाइल्स बसल्यावर महाग पडतं, हे त्यांनाही कळेल.

निनाद_दादर

ताई, रोजचं काम नक्की कसं असतं? यूट्यूबवर नुसती मशीनं दिसतात.

क्षितिजा

एक सीटीची रात्र सांगते, कारण दिवसा पेशंटमुळे मशीन हाती लागत नाही. ओपीडीची गर्दी ओसरली की फँटम (शरीराच्या जागी ठेवायचा नमुना) घेऊन जायचं. ॲक्रिलिकची गोल, जाड चकती, पोटासाठी ३२ सेंटिमीटर व्यासाची, डोक्यासाठी १६. मोठी सुमारे १४-१५ किलोची. ती टेबलावर चढवून लेसरच्या रेषांत बरोबर मध्यावर आणण्यातच बराच वेळ जातो. तिला पाच भोकं, एक मधे आणि चार कडेला. त्यांत पेन्सिलीसारखा १०० मिलिमीटर लांबीचा आयन चेंबर (किरण मोजणारं उपकरण) एकेका भोकात घालून एक्सपोझर द्यायचं. मधल्याचा एक तृतीयांश आणि कडेच्या सरासरीचा दोन तृतीयांश, अशी बेरीज केली की मशीनच्या पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघता येतं. मग पाण्याचा फँटम, त्याचा सीटी नंबर (चित्रात घनता दाखवणारा आकडा) शून्याच्या जवळ आहे ना ते. फार सरकला असेल तर फुप्फुस, यकृत, सगळ्यांचेच आकडे संशयास्पद.

आयन चेंबर हवेला उघडा असतो, म्हणून तापमान आणि हवेच्या दाबाची दुरुस्ती लागते. संदर्भ २० अंश आणि १०१.३ किलोपास्कल, म्हणजे १०१३ हेक्टोपास्कल. आता मुंबईचा पावसाळा धर. खोली २६ अंशांवर, हवेचा दाब १००० हेक्टोपास्कलच्या आसपास. तापमानामुळे २ टक्के, दाबामुळे सव्वा टक्का, मिळून ३ टक्क्यांच्या वर. रेडिओथेरपीत मशीनच्या आउटपुटला एकूण सूटच २-३ टक्क्यांची असते. म्हणजे ही दुरुस्ती विसरलास तर चांगलं मशीन बिघडलेलं वाटेल किंवा बिघडलेलं चांगलं. त्यात दमट हवेने केबलच्या जोडांमध्ये गळती होते, एक्सपोझर नसतानाही इलेक्ट्रोमीटरचा आकडा सरकत राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये आमचे कनेक्टर सिलिका जेलच्या डब्यात असतात. आधी काही मिनिटं नुसता आकडा बघत बसायचं, तो स्थिर झाला की मगच सुरुवात. हे पुस्तकात एका ओळीत असतं, हातात यायला एक पावसाळा लागतो.

कॅथलॅब वेगळी. तिथे डॉक्टर पेशंटच्या शेजारी उभे राहतात, म्हणून पेशंटच्या अंगावरून विखुरणारे किरण थेट त्यांच्याकडे. ट्यूब टेबलाखाली, डिटेक्टर पेशंटच्या जितका जवळ तितकं चांगलं, वरून टांगलेली शिशाची काच पुढे ओढलेली. डोळ्याच्या भिंगाची काळजी इथे सगळ्यात जास्त. नर्सेसना मी एकच सांगते, फ्लुरो (सतत चालणारा एक्सरे) चालू असताना एक मीटरवरून दोन मीटरवर गेलात की डोस चौथाई. ॲप्रनच्या घड्या घालायच्या नाहीत, हँगरला लावायचे. घडीवर शिशाला चीर जाते, ती फ्लुरोखाली धरल्यावर स्पष्ट दिसते.

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये घड्याळ बघून काम. पेशंटला देतात त्या किरणोत्सर्गी द्रव्यांपैकी टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तास, एफ १८ चं (फ्लोरिन १८) ११० मिनिटं. लोकल रखडली म्हणून पेशंट तासभर उशिरा आला तर त्याच्यासाठी ठेवलेल्या एफ १८ डोसचा तिसरा हिस्सा संपलेला असतो. आयोडीन १३१ दिलेल्या पेशंटच्या संडासाचं पाणीही थेट गटारात सोडत नाहीत, टाकीत साठवतात. ८ दिवसांचं अर्धायुष्य, म्हणजे ८० दिवसांत हजारावा भाग उरतो.

रेडिओलॉजीवाली

एमआरआय राहिला. तिथे आयनीकरण करणारे किरण नाहीत म्हणून सेफ्टीचं नावच काढायचं नाही असा समज आहे. २०१८ मध्ये मुंबईतल्याच एका रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एक तरुण नातेवाईक एमआरआय खोलीत गेला आणि चुंबकाने ओढला जाऊन जिवाला मुकला. चुंबक चोवीस तास चालूच असतो हे वॉर्डबॉयपासून नातेवाइकांपर्यंत कोणालाच पक्कं माहीत नसतं. नवीन फिजिसिस्टने हेही आपल्या कक्षेत घ्यावं.

क्षितिजा

शंभर टक्के. आमच्याकडे नवीन वॉर्डबॉय रुजू झाला की पहिल्याच दिवशी त्याला दारापाशी नेतो. लोखंडी सिलिंडर, व्हीलचेअर, स्ट्रेचर, सगळं दाराबाहेर थांबतं. आत जायची ट्रॉली वेगळ्या रंगाची आहे. हे मराठीतून आणि हिंदीतून, समोर उभं राहून सांगावं लागतं. इंग्रजी पाटी वाचायला पेशंट उचलून पळणाऱ्याला वेळ नसतो.

वैदेहीची_आई

सासूबाईंनी सगळे प्रतिसाद वाचून घेतले. विरोध मावळला असं म्हणणार नाही, पण त्यांनी विचारलं की एका वेळी परीक्षा नाही निघाली तर मुलगी काय करणार?

क्षितिजा

योग्य प्रश्न विचारलाय त्यांनी. डिप आरपीच्या जागा कमी असल्यामुळे पहिल्या फेरीत न लागणं अगदी सर्रास आहे. त्याच वर्षी मान्यताप्राप्त एमएस्सी मेडिकल फिजिक्सचे अर्जही भरून ठेवावेत. वयाची अट असते, जाहिरात येताच ती बारकाईने वाचावी. मधल्या वर्षात वैदेहीला एखाद्या रेडिओथेरपी विभागात काही दिवस नुसतं बघायला येता आलं तर फार उपयोग होईल. परवानगी हॉस्पिटलची लागते, ती मिळायला वेळ जातो, म्हणून आत्ताच पत्र लिहायला लावा. पत्रात एमएस्सीच्या प्रोजेक्टबद्दल चार ओळी असाव्यात आणि कॉलेजच्या विभागप्रमुखांचं शिफारसपत्र जोडावं. मसुदा मला पाठवलात तर बघून देते.

निनाद_दादर

ताई, मीही पाठवू का?

क्षितिजा

पाठव. रविवारपर्यंत दोघांचेही आले तर एकदमच बघते.